मगरी मोजा, माणसांना विचारा! बडोद्यापासून बोस्टनपर्यंत शहाण्या शहरांच्या अठरा गोष्टी

बडोद्यात शेव-उसळ मागवली की तिखट तर्री वेगळी मिळते. ज्याला जितकी झेपेल, तितकी त्याने ओतून घ्यायची. सगळ्यांच्या ताटात सारखीच तर्री ओतली, तर कुणाला ठसका लागेल आणि कुणाला ती सपकच वाटेल. शहराचंही तसंच आहे. कुठे किती ओतायचं हे कळायला आकडे लागतात, म्हणून सेन्सर हवेत, कॅमेरे हवेत, हिशेब करणारे संगणक हवेत. पण कुणाला किती झेपतं हे त्या माणसालाच विचारावं लागतं. पहिल्या कामाला आज डेटा अ‍ॅनालिटिक्स म्हणतात, दुसरं काम समाजशास्त्राचं. बडोद्यात ही दोन्ही कामं शंभराहून जास्त वर्षं शेजारीशेजारी चालत आली आहेत. त्यांच्याच या गोष्टी, थोड्या गावातल्या आणि थोड्या गावाबाहेरच्या.

१. शंभरातलं एक

शंभर शहरांसाठीचं स्मार्ट सिटी मिशन २५ जून २०१५ ला सुरू झालं. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये २७ शहरांची एक यादी लागली. तिच्यात नागपूर, नाशिक, ठाणे, कल्याण-डोंबिवली आणि तेव्हाचं औरंगाबाद होतं, आणि बडोदंही होतं. बडोद्याचा नियंत्रण कक्ष बदामडी बागेत उभा राहिला. अशा कक्षाच्या पडद्यावर चौकातली गर्दी दिसते. मात्र रात्री नऊनंतर त्या चौकात रिक्षातून उतरायला एखादी बाई का कचरते, ते पडद्यावर दिसत नाही. ते तिलाच विचारावं लागतं.

२. आधी पायपीट, मग आराखडा

१९१६ साली बडोदे शहराच्या विकासावर आणि विस्तारावर एक अहवाल निघाला. लिहिणारे होते स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडेस. मूळचे जीवशास्त्रज्ञ, पुढे नगररचनेतलं मोठं नाव. त्यांचा नेम साधा होता. शहरातून आधी चालायचं, विहिरी-तलाव-देवळं पाहायची, लोक कुठे बसतात आणि कुठून पाणी भरतात ते टिपायचं, आणि मगच कागदावर रेघ ओढायची. रुंद रस्त्यासाठी मोहल्लेच्या मोहल्ले पाडायला त्यांचा ठाम विरोध असे. पडायला आलेलं एखादं घर काढा, तिथे हवा-उजेड येऊ द्या, झाड लावा, बाकी वस्ती जशी आहे तशी जगू द्या, असं ते सांगत. वैद्य जसा नाडी पाहिल्याशिवाय औषध देत नाही, तसं त्यांचं शहराशी वागणं होतं.

३. मालवण, मुंबई, बडोदं

हेच गेडेस १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. त्यांनी एका हुशार तरुणाला शिकायला इंग्लंडला धाडलं. तो तरुण म्हणजे मालवणात जन्मलेले गोविंद सदाशिव घुर्ये. १९२४ पासून मुंबईचा समाजशास्त्र विभाग घुर्ये सांभाळू लागले. त्यांच्या हाताखाली म्हैसूरचे एम. एन. श्रीनिवास तयार झाले, आणि १९५१ मध्ये श्रीनिवासांनी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात समाजशास्त्र विभाग सुरू केला. गेडेसांची विद्या पस्तीस वर्षांनी, तीन पिढ्या ओलांडून, त्यांनी पायी पालथ्या घातलेल्या शहरात परतली. आज प्रत्येक निवडणुकीत कानावर पडणारा 'व्होट बँक' हा शब्द रूढ करण्याचं श्रेयही श्रीनिवासांनाच दिलं जातं. तो त्यांनी लिहिला १९५५ मध्ये, बडोद्यात असतानाच्या काळात.

आणखी एक. २४ एप्रिल १९७० ला अमेरिकेत स्टॅनफर्डला कुणीतरी लावलेल्या आगीत श्रीनिवासांची एका गावाबद्दलची, अठरा वर्षं जपून तयार केलेली टिपणं जळाली. मग त्यांनी आठवणीच्या बळावर पुस्तक लिहिलं. 'द रिमेम्बर्ड व्हिलेज' १९७६ मध्ये आलं आणि अभिजात ठरलं. त्यांनी त्या गावात फक्त मोजणी केली नव्हती, ते तिथे राहिले होते, म्हणून कागद गेल्यावरही गाव त्यांच्यापाशी उरलं.

४. चार लाख बासष्ट हजार सातशे चार

१८९१ च्या जनगणनेत बडोदे संस्थानात २४,१५,३९६ माणसं होती. १९०१ मध्ये १९,५२,६९२. दहा वर्षांत एवढी माणसं कमी झाली! मधे संवत १९५६ चा, म्हणजे इसवी सन १८९९-१९०० चा भयंकर दुष्काळ येऊन गेला होता. गुजरातेत त्याला आजही 'छप्पनियो' म्हणतात. १९३१ ला आकडा २४,४३,००७ वर पोचला. म्हणजे १८९१ ची पातळी पुन्हा गाठायला चाळीस वर्षं लागली.

संस्थानाचे जनगणना अधिकारी ही माहिती केवळ रकान्यांत भरून थांबत नसत. १९११ ची गणना गोविंदभाई हाथीभाई देसाई यांनी पाहिली, १९२१ आणि १९३१ ची सत्यव्रत मुखर्जी यांनी. लग्नं कोणत्या वयात होतात, कोणत्या जातीत किती मुली शिकतात, कोण गाव सोडून जातं, अशा प्रश्नांवर त्यांच्या अहवालांत पानंच्या पानं आहेत. देसाईंनी तर १९१८ मध्ये बडोदे संस्थानाचा सांख्यिकी नकाशासंग्रहच काढला. आज संगणकाच्या पडद्यावर रंगीत नकाशे दाखवतात ना, तेच काम शाई आणि कागदावर.

५. आधी दहा गावं

सयाजीराव गायकवाडांचा जन्म नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा. दत्तक जाऊन ते महाराज झाले. सक्तीचं प्राथमिक शिक्षण आणायचं त्यांच्या मनात होतं, पण त्यांनी साऱ्या संस्थानावर एकदम हुकूम काढला नाही. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात, सुरुवातीला जेमतेम दहा गावांत, करून पाहिलं. मुलं येतात का, आईबाप काय म्हणतात, शिक्षक पुरतात का, हे नीट पाहून मग व्याप वाढवला. १९०६ मध्ये कायदा सगळ्या संस्थानाला लागू झाला. पुढे गोपाळ कृष्ण गोखल्यांनी अख्ख्या हिंदुस्थानासाठी असाच कायदा मागितला, तेव्हा बडोद्याचा दाखला त्यांच्या हाताशी होता. आज ज्याला मोठ्या रुबाबात 'पायलट प्रोजेक्ट' म्हणतात, तो अमरेलीच्या धुळीत केव्हाच होऊन गेला आहे.

६. साबणाच्या वडीपासून पाळण्यापर्यंत

विक्रम साराभाई म्हटलं की अग्निबाण आठवतात. पण १९६० मध्ये त्यांनी बडोद्यात आणखी एक गोष्ट उभी केली, ऑपरेशन्स रिसर्च ग्रुप. लोक त्याला 'ओआरजी' म्हणत. दुकानाच्या फळीवरून किती साबण खपला, किती गोळ्या गेल्या, याचा देशभराचा हिशेब इथे होऊ लागला. भारतातल्या बाजार-संशोधनाची पायवाट पाडणारी ही संस्था.

याच संस्थेने १९७०, १९८० आणि १९८८ मध्ये कुटुंबनियोजनाची अखिल भारतीय सर्वेक्षणं केली. मुलं किती हवीत, आणि ठरवतं कोण? हा प्रश्न दुकानात विचारता येत नाही. घरात शिरावं लागतं, ओसरीवर बसावं लागतं, चहा घ्यावा लागतो, सासूबाई आत गेल्या की आवाज हळू करावा लागतो. आकडा मोठा असला, तरी तो सुरू होतो अशा हलक्या आवाजातल्या उत्तरापासून.

७. नोबेलच्या वाटेवर बडोद्याच्या बालसखी

ही गोष्ट प्रत्येक बडोदेकराला पाठ असायला हवी.

२००१ च्या सुमारास बडोद्याच्या महापालिका शाळांत तिसरीतल्या मुलांची परीक्षा घेतली. पहिलीच्या पातळीचं गणित दर पाचांत जेमतेम एकाला येत होतं. मुलं रोज शाळेत येत होती, पण धडा त्यांच्या डोक्यावरून जात होता.

'प्रथम' ही संस्था मुंबईच्या वस्त्यांत सुरू झालेली. माधव चव्हाण आणि फरिदा लांबे तिचे संस्थापक. त्यांचा उपाय होता बालसखी. वस्तीतलीच, शालेय शिक्षण पुरं केलेली तरुणी, महिना ५०० ते ७५० रुपये मानधन. मागे पडलेल्या वीसेक मुलांना ती रोज दोन तास वर्गातून बाजूला घेऊन बसायची, आणि मूल जिथे अडलं असेल तिथून शिकवायची.

उपयोग होतो का, हे ठरवायचं कसं? अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, शॉन कोल आणि ली लिंडेन या अभ्यासकांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तशा शाळा निवडल्या. अर्ध्या शाळांत बालसखी तिसरीला, उरलेल्यांत चौथीला. पुढल्या वर्षी अदलाबदल. मुंबईतही असाच प्रयोग झाला. कुणी वंचित राहिलं नाही आणि तुलनाही चोख झाली.

निकालात दोन गोष्टी दिसल्या. बालसखीपाशी बसलेली मुलं पुढे सरकली. आणि त्यांच्या जाण्याने मागचा वर्ग लहान झाला, तरी नेहमीच्या शिक्षकाकडे राहिलेल्या मुलांत फारसा फरक पडला नाही. म्हणजे नुसती पटसंख्या कमी करून भागत नाही, मुलाला जिथून कळत नाही तिथून धरावं लागतं.

याच शाळांना सरकारने २००० साली प्रत्येकी चार संगणक दिले होते. त्यातले बरेचसे वापराविना पडून होते. तेच चालू करून चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास गणिताचे खेळ दिले. एका संगणकावर दोन मुलं. गणितात मोठी झेप दिसली. पण कार्यक्रम संपल्यावर वर्षभराने पाहिलं, तर त्यातली बरीचशी ओसरली होती. यंत्र होतं म्हणून नव्हे, शिकवणं चालू होतं म्हणून मुलं शिकत होती.

२०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल बॅनर्जी, डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना मिळालं. त्या मोठ्या कामातली एक सुरुवातीची पायरी बडोद्याच्या महापालिका शाळेच्या व्हरांड्यात होती, आणि तिच्यावर वस्तीतली एक ताई फळा धरून बसली होती.

८. पाणी किती फूट, आणि आजी कुठे?

विश्वामित्री पावागडातून निघते आणि शहराच्या मधून नागमोडी जाते. ३१ जुलै २०१९ ला बडोद्यात चोवीस तासांत जवळपास ५०० मिलिमीटर पाऊस कोसळला. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस नदीने धोक्याची २६ फुटांची खूण केव्हाच ओलांडली आणि ३५ फुटांच्याही वर गेली. पूर आला की बडोदेकरांच्या तोंडी दोनच आकडे असतात. आजव्याची पातळी किती, आणि काळा घोडा पुलाशी पाणी किती? आजव्याचं सरोवरही सयाजीरावांचंच. काम १८८५ ला सुरू झालं आणि शहर आजही त्याचं पाणी पितं.

पातळी सेन्सर सांगतो, पावसाचा अंदाज संगणक सांगतो. घर मात्र माणूस सोडतो, आणि माणूस नुसत्या मोबाईलच्या 'टिंग'वर घर सोडत नाही. तो आधी गॅलरीत येतो, शेजाऱ्याला विचारतो, कोपऱ्यावरच्या दुकानदाराचं तोंड पाहतो. आपत्तींचा अभ्यास करणाऱ्यांना जगभर हेच आढळलं आहे. म्हणून धोक्याच्या इशाऱ्याइतकीच मोलाची असते एक वही: कोणत्या गल्लीत एकटी आजी तळमजल्यावर राहते, कुणाचं डायलिसिस चालू आहे, कुणाला भीती आहे की आपण निघालो तर मागे चोरी होईल.

पुण्याने हे १२ जुलै १९६१ ला सोसलं आहे. पानशेतचं धरण फुटलं, पेठा बुडाल्या. नंतर गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या अभ्यासकांनी पूरग्रस्तांच्या संसारांचं काय झालं ते शोधून काढलं. सुलभा ब्रह्मे आणि प्रकाश गोळे यांचं त्यावरचं पुस्तक आहे. पाणी ओसरलं की बातमी संपते, घरांची गोष्ट तिथून सुरू होते.

९. चारशे बेचाळीस शेजारी

इतक्या भरवस्तीतून वाहणाऱ्या नदीत इतक्या मगरी असणारं शहर जगात विरळाच. फेब्रुवारी २०२५ च्या गणनेत विश्वामित्रीत ४४२ मगरी मोजल्या गेल्या. २०२० मध्ये हा आकडा २७५ होता.

मगर मोजतात कशी? दिवसा ती काठावर ऊन खाताना दिसते. रात्री विजेरीचा झोत टाकला की तिचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात. पण कोणत्या वळणावर मादी अंडी घालते, कुठली मगर रोजची आणि कुठली नवी, हे काठावर राहणाऱ्यांना जास्त ठाऊक असतं. नदी रुंद करायची, गाळ काढायचा, तर हे ज्ञानही नकाशावर यायला हवं. पुराच्या दिवसांत मगर सोसायटीच्या आवारात येते, तेव्हा स्वयंसेवक धावतात आणि तिला जपून परत नेतात. बडोद्याच्या माणुसकीत मगरही धरली जाते, याचा अभिमान वाटतो.

१०. संगणकाला तिथी शिकवा

नवरात्रात बडोदं रात्री जागं असतं. गरबा सुटला की मध्यरात्री रस्ते संध्याकाळसारखे भरतात. आता मागच्या तीन वर्षांच्या तारखा पाहा. २०२३ मध्ये घटस्थापना १५ ऑक्टोबरला, २०२४ मध्ये ३ ऑक्टोबरला, २०२५ मध्ये थेट २२ सप्टेंबरला. गेल्या वर्षी याच तारखेला गर्दी किती होती, एवढंच संगणक पाहील तर तो दर वर्षी चुकेल. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे नवरात्र पुन्हा पुढे सरकून ११ ऑक्टोबरला येतं. दांडिया बाजारातल्या गणपतीचं, ईदचं, ताबुतांचं असंच. आकडेमोड करणाऱ्याच्या टेबलावर पंचांग हवं आणि चांद पाहणाऱ्याचा फोन नंबरही हवा.

११. खड्डा श्रीमंताचा, खड्डा गरिबाचा

अमेरिकेतल्या बोस्टन शहराने 'स्ट्रीट बम्प' नावाचं अ‍ॅप काढलं. गाडी खड्ड्यातून गेली की खिशातला फोन हिसका ओळखतो आणि पालिकेला कळवतो. कल्पना झकास! मग कुणाच्या तरी लक्षात आलं की स्मार्टफोन ज्यांच्याकडे जास्त, त्याच वस्त्यांतले खड्डे जास्त नोंदले जाणार. म्हाताऱ्यांच्या आणि गरिबांच्या गल्ल्या कागदावर गुळगुळीत दिसणार. म्हणून शहराने ते अ‍ॅप आधी रस्ते-निरीक्षकांच्या हाती दिलं, कारण ते सगळ्या भागांतून फिरतात. तक्रार नसलेली गल्ली सुखीच असते असं नाही. कधी कधी तिच्याकडे तक्रार करायचं साधन नसतं.

१२. पंप सापडला, पण कारण एका आईने सांगितलं

१८५४, लंडन. ब्रॉड स्ट्रीटवर पटकीने शेकडो माणसं दगावली. डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यूंच्या नोंदी तपासल्या, घरोघर चौकशी केली आणि बोट एका पंपाकडे वळलं. ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला गेला. ही गोष्ट बरेच जण सांगतात.

पुढची कमी सांगतात. हेन्री व्हाइटहेड नावाचा स्थानिक पाद्री स्नो यांचं म्हणणं खोडून काढायला निघाला होता. वस्तीत प्रत्येक घर त्याच्या ओळखीचं. फिरता फिरता तो एका आईपाशी पोचला. तिचं तान्हं बाळ साथीच्या अगदी सुरुवातीला आजारी पडलं होतं, आणि बाळाची दुपटी धुतलेलं पाणी तिने पंपाजवळच्या मैलाखड्ड्यात टाकलं होतं. साथीचं मूळ तिथे होतं. नकाशाने पंप दाखवला. पण दुपट्यांचं पाणी कुठे ओतलं, हे त्या आईने एका ओळखीच्या माणसालाच सांगितलं.

१३. इंदुरात उंदराची मिरवणूक

पुन्हा गेडेस. होळकरांच्या इंदुरात प्लेगचं भय होतं. १९१७-१८ च्या सुमारास गेडेसांनी दिवाळीची मिरवणूक हाती घेतली आणि जाहीर केलं, की यंदाची मिरवणूक नेहमीच्या वाटेने जाणार नाही. ज्या रस्त्यांवर जास्त घरं साफ-सारवलेली असतील, त्याच वाटेने जाईल! झालं, सगळं शहर केरसुणी घेऊन भिडलं. मिरवणुकीत लंकेचा रावण होता, प्लेगचा प्रचंड उंदीर होता, आणि स्वच्छ पोशाखात, फुलांच्या माळा घालून सन्मानाने चालणारे सफाई कामगार होते. दंड नाही, नोटीस नाही. आपल्या दारावरून मिरवणूक जावी ही माणसाची हौस त्यांनी ओळखली. तेच इंदूर २०१७ पासून देशातलं सर्वांत स्वच्छ शहर म्हणून वर्षानुवर्षं पहिलं येत राहिलं.

१४. पत्ता नाही? हा घ्या!

अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगिळांनी १९३० च्या दशकात पुण्याची घरोघर पाहणी करवली. तिचा पहिला भाग १९४५ ला, दुसरा १९५२ ला छापून आला. एका शहराने स्वतःच्या संसाराकडे इतकं निरखून पाहिल्याची उदाहरणं देशात तेव्हा फार नव्हती.

पुण्यातच प्रतिमा जोशी यांची 'शेल्टर असोसिएट्स' १९९३ पासून वस्त्यांचे नकाशे करते. कोणत्या घरात संडास आहे, कोणत्यात नाही, हे घराघरात जाऊन नोंदवलेलं. मग गुगलच्या प्लस कोडने वस्तीतल्या घरांना डिजिटल पत्तेही मिळाले. पत्ता नसलेल्या घराला टपाल, पार्सल, रुग्णवाहिका यांची वाट पाहणं काय असतं, हे तिथे राहणाऱ्यालाच ठाऊक.

त्याच वर्षी, १९९३ मध्ये, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरावेचक बाया रोज किती माल बाजूला काढतात आणि त्यातून पालिकेचे किती पैसे वाचतात, याचा हिशेब मांडला गेला. 'घाणीतल्या बाया' कागदावर शहराच्या कर्मचारी ठरल्या. २००८ पासून त्यांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था पुण्याचा घरोघरचा कचरा गोळा करते.

१५. पगार कोण देतो, त्यावर आकडा ठरतो

गुजरातेत कारखान्यांच्या प्रदूषणाची तपासणी बाहेरचे परीक्षक करत. त्यांना नेमायचा कारखाना, पैसेही द्यायचा कारखाना. अहवाल बहुधा मर्यादेच्या किंचित खालीच यायचे! २००९ ते २०११ मध्ये अहमदाबाद आणि सुरतेकडच्या कारखान्यांवर एक प्रयोग झाला. परीक्षक चिठ्ठीने नेमले, मानधन एका सामायिक निधीतून दिलं, आणि अधूनमधून फेरतपासणी केली. खोटे अहवाल एकदम घटले, आणि कारखान्यांनी प्रदूषणही कमी केलं. यंत्र तेच, धुराडं तेच. बदललं ते फक्त कोण कुणाच्या मिंधेपणात आहे ते. हे कळायला समाजशास्त्र लागतं.

१६. बाळं खालच्या मजल्यावर

मे २०१० मध्ये अहमदाबादेत उष्णतेची लाट आली. त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले, हे नोंदी तपासल्यावर कळलं. २०१३ मध्ये शहराने उष्णता कृती आराखडा आणला, दक्षिण आशियातला पहिला. तिथल्या शारदाबेन रुग्णालयातली गोष्ट मला सगळ्यांत आवडते. प्रसूती कक्ष वरच्या, तापलेल्या मजल्यावर होता. तो खालच्या मजल्यावर आणला, तर उन्हाने आजारी पडणारी बाळं कमी झाली. महागडं यंत्र काही लागलं नाही. कोण कोणत्या छपराखाली झोपतं, एवढं कुणीतरी पाहिलं.

१७. एका शब्दाची मोजणी

महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता. बडोद्याच्या दिवाणांची लेक. १९४८ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा तयार होत होता, तेव्हा मसुद्यात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघेल असं इंग्रजी लिहिलं होतं. हंसाबेनांनी आग्रहाने तिथे 'सर्व माणसं' आणलं. प्रश्नावली लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावं. 'कुटुंबप्रमुखाचं नाव काय?' एवढंच विचारलं, तर घरातली निम्मी माणसं रकान्याबाहेर राहतात.

१८. खोल्या होत्या, खोली मिळाली नाही

१९१३ मध्ये बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर एक तरुण न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेला. अर्थशास्त्र शिकला, समाजशास्त्र शिकला, मानववंशशास्त्राच्या वर्गात ९ मे १९१६ ला जातिसंस्थेवर निबंध वाचला. गेडेसांचा बडोद्याचा अहवाल निघाला, तेच हे वर्ष. १९१७ च्या सप्टेंबरात तो बडोद्यात नोकरीवर आला. त्याला काम मिळालं महालेखापालांच्या कचेरीत.

आकडे आणि समाज, दोन्ही शिकलेला असा माणूस तेव्हा हिंदुस्थानातल्या कुठल्या शहराला लाभला होता? त्याचं नाव भीमराव रामजी आंबेडकर.

बडोद्यात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत त्यांनी नाव बदलून आसरा घेतला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना बाहेर काढलं. दोन मित्रांकडे विचारलं, दोघांनीही कारणं सांगितली. मुंबईला परतायचं ठरलं, पण गाडीला वेळ होता. ते तास त्यांनी बरेचसे कामाठी बागेत काढले, जिला आज सयाजी बाग म्हणतात. ते ज्या वडाखाली बसले, ती जागा आता संकल्पभूमी आहे.

त्या दिवशी बडोद्यात घरं किती आणि खोल्या किती याची मोजणी झाली असती, तर शहरात जागा भरपूर आहे असंच निघालं असतं. ती कुणाला नाकारली जाते, हा रकाना कुणी आखला नव्हता. आजही भाड्याच्या घरासाठी फोन केल्यावर आडनाव विचारलं जातं, आणि तो फोन कुठल्याही नियंत्रण कक्षाच्या पडद्यावर दिसत नाही.

आता तुमच्याकडे येतील

देशाची २०११ नंतरची पहिली जनगणना आता होते आहे. लोकसंख्येच्या मोजणीसाठी १ मार्च २०२७ ही तारीख धरली आहे. या वेळी प्रगणकाच्या हाती वहीऐवजी मोबाईल असेल, पण दार मात्र हातानेच वाजवलं जाईल. तिला किंवा त्याला आत बसवा, पाणी द्या. घरकामाला येणारी बाई, खोलीवर राहणारा विद्यार्थी, जिन्याखाली झोपणारा रखवालदार, यांची नावं कुठे नोंदली जाणार तेही विचारा.

आणि २०२४ च्या पुराचं पाणी तुमच्या इमारतीच्या भिंतीवर जिथवर चढलं होतं, ती काळपट रेघ अजून असेल, तर रंगकाम काढताना ती पुसू देऊ नका. रंगाऱ्याला सांगून तिच्यावर तारीख घालून घ्या. खाली एक ओळही लिहा: तेव्हा तळमजल्यावर कोण राहत होतं, आणि त्यांना वर कुणी आणलं.